जिभेखालची गोळी

सोमवार, ३ मार्च

धाकटी आली. आली कसली, मीच आणली. तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवतो, आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणतो. ते पाठवायला तयारच नव्हते. मी म्हटलं, दिवसभर तुम्ही शाळेत आणि ही तिसऱ्या मजल्यावर भिंतीकडे बघत पडलेली. माझ्याकडे निदान माणसांत राहील. शेवटी धाकटीच म्हणाली, "जाते थोडे दिवस. ताईला मदत होईल."

मदत होईल हे खरंच. नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम मिळालंय. सगळ्या खुर्च्या उसवायच्या, नवा फोम, वर नवी मखमल. आमच्या कारखान्याने इतकं मोठं काम आजवर घेतलेलं नाही. स्प्रिंगा आणि फोम मिस्त्री सांभाळेल, शिलाई मी करीन, पण मखमल बेतायला धाकटीच पाहिजे. मखमलीची लव एका बाजूला पडते. एक तुकडा उलटा लागला की अख्ख्या रांगेत ती एक खुर्ची वेगळ्या रंगाची दिसते. धाकटीला ते नुसत्या तळहाताने कळतं.

पण मी तिला कामासाठी आणलेलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

पाठीच्या ऑपरेशननंतर तिला जबर दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या होत्या. दुखणं उतरलं, गोळ्या उतरल्या नाहीत. डॉक्टरांनी लिहून देणं बंद केलं तेव्हा कुठून कुठून मिळवून घ्यायला लागली. आणि मला, सख्ख्या बहिणीला, पत्ता नाही. फोनवर जड जिभेने बोलायची तेव्हा मला वाटायचं, हिला माझ्याशी बोलायचा कंटाळा येतो. दोन-तीनदा तर मी रागाने फोन ठेवलाय. मास्तरांच्या ध्यानात आल्यावर त्यांनी तिला उपचार केंद्रात नेलं. तिथून आता दुसरीच एक गोळी मिळते. रोज सकाळी एक, जिभेखाली ठेवायची.

निघताना मास्तरांनी माझ्या हातात एक चपटी डबी दिली. आत नाकात मारायचे दोन फवारे. कधी उठवून उठली नाही, श्वास मंदावला, ओठ निळे पडले तर एका नाकपुडीत मारायचा म्हणे. पुढे तोंडाने श्वास कसा द्यायचा तेही सांगत होते, इतक्यात कापडवाल्याचा फोन आला. डबी मी फ्रिजवर ठेवली. बायको चांगली चालतीबोलती असताना हा माणूस खिशात असलं काही घेऊन फिरतो.

तिची गादी आईच्या खोलीत घातली. आई गेल्यापासून त्या खोलीतलं मी काहीच हलवलेलं नाही. कपाटाला हातसुद्धा लावलेला नाही. धाकटी बराच वेळ दारात उभी राहिली.

गुरुवार, ६ मार्च

कारखान्यात आज जुने दिवस परत आले. धाकटी टेबलाशी, खडू कानावर, कात्री चालली की थांबायचं नाव नाही. मिस्त्री म्हणाला, ताई, आता तुम्ही घरी गेलात तरी चालेल. मीही हसले.

एकच गोष्ट खटकते. सकाळी मी माझी रक्तदाबाची गोळी घेऊन, चहा पिऊन मोकळी होते. ती मात्र गोळी जिभेखाली धरून, तोंड मिटून खुर्चीत बसून राहते. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, चहा प्यायचा नाही. एखाद्या व्रतासारखं. मी म्हटलं, हे सुटायचं कधी? तिने बोटाने खूण केली, थांब. मग गोळी संपल्यावर म्हणाली की डॉक्टर म्हणतात, घाई नाही. वर्ष, दोन वर्षं, लागली तर जास्तही.

दोन वर्षं! मग सुटलं काय नि काय नाही.

रविवार, ९ मार्च

मास्तर आठवड्याच्या गोळ्या घेऊन आले. मी सरळ विषय काढला. एक नशा काढून दुसरी लावली, याला उपचार म्हणायचं का? ते चिडत नाहीत, हाच त्यांचा दोष. वर्गातल्या पोराला सांगावं तसं सांगत बसले. या गोळीने नशेची तार लागत नाही. अंगाला जे हवंहवंसं होतं ते शांत राहतं, जिवाची तडफड होत नाही, आणि वरून कुणी जुन्या गोळ्या घेतल्याच तर त्यांचा जोर बराच अडतो. आठ महिन्यांत ती एकदाही घसरली नाही. स्वयंपाक करते, वाचते, हसते.

मी म्हटलं, माझी बहीण पूर्वीही हसायचीच.

 जाताना मास्तर फ्रिजवरची डबी जागेवर आहे ना, ते बघून गेले. माझ्या घरात तपासणी.

शुक्रवार, १४ मार्च

आज धाकटीशी नीट बोलले. आवाज चढवला नाही. तिला सांगितलं, तू लहानपणापासून जिद्दीची. बाबा गेले तेव्हा शाळा सोडून कारखान्यात उभी राहिलीस, तेव्हा कुठली गोळी होती? मन खंबीर केलंस तर महिनाभरात मोकळी होशील. नाट्यगृहाचा पडदा उघडेल तेव्हा तूही मोकळी. बघ, पटतंय का.

ती खडूने टेबलावर रेघा ओढत होती. म्हणाली, डॉक्टरांना विचारू या का? मी म्हटलं, ते सोड म्हणतील होय? त्यांचं दुकान आहे. मग म्हणाली, "तुला वाटतं मला जमेल?"

"मला खात्री आहे," मी म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत तिच्यावर कुणी भरवसा टाकलाच नसणार. मास्तरांना इतक्यात सांगायचं नाही असं ठरलं. ते उगाच काळजी करतील.

उद्यापासून पाऊण गोळी. मग अर्धी, मग पाव. कापायचं काम माझ्याकडे, पातं नवीन लावलंय.

बुधवार, १९ मार्च

धाकटीला सर्दी झाली. नाक गळतं, जांभया येतात, अंगावर सारखा काटा. पाय दुखतात म्हणते. मऊ भात केला तर दोन घास खाऊन उठली. मी म्हटलं, शरीर साफ होतंय, साचलेलं बाहेर पडायचंच. ती म्हणाली, हो, असेल.

एवढं असूनही पहिल्या दोन रांगांची मखमल बेतून झाली. मी तिचा घामेजलेला हात हातात घेतला आणि म्हटलं, शाब्बास.

मंगळवार, २५ मार्च

गोळी बंद. पूर्ण बंद. उरलेल्या मी बेसिनमध्ये सोडल्या आणि वरून नळ सोडला. मास्तरांना येत्या रविवारी काय सांगायचं ते ती बघेल म्हणाली.

झोप मात्र येत नाही तिला. माझ्या झोपेच्या गोळ्यांतली अर्धी दिली. साधी गोळी आहे, मी वर्षानुवर्षं घेते. आता रोज अर्धी देईन, झोप झाली की माणूस अर्धा बरा होतो.

रविवार, ३० मार्च

मास्तर येऊन गेले. धाकटीने गोळ्या हसतमुखाने घेतल्या आणि पर्समध्ये ठेवल्या. ते गेल्यावर पर्स माझ्यापुढे केली. मी काही मागितलं नव्हतं. त्याही बेसिनमध्ये.

मास्तर विचारत होते, बारीक का दिसते? मी म्हटलं, काम करणारी माणसं बारीकच असतात.

खरं सांगायचं तर मला अभिमान वाटतोय. डॉक्टरांना जे आठ महिन्यांत जमलं नाही ते आम्ही दोघींनी तीन आठवड्यांच्या आत केलं. आई असती तर म्हणाली असती, थोरलीने धाकटीला हाताला धरून बाहेर काढलं. आवराआवर करताना फ्रिजवरची डबीही काढली आणि कारखान्यात रिळांच्या खणात टाकली. आता तिची गरज नाही.

शनिवार, ५ एप्रिल

धाकटी दुपारनंतर टेबलाशी उभी राहू शकली नाही. पाठ धरली म्हणते. कमरेपासून टाचेपर्यंत चमक. विचारत होती, कुणा डॉक्टरला दाखवावं का. मी म्हटलं, अगं, शेवटच्या रांगा राहिल्यात, माल गेला की मी स्वतः घेऊन जाईन. गरम पाण्याची पिशवी दिली. ती बरं म्हणाली. ती नेहमी बरंच म्हणते, तेवढी गुणी आहेच.

संध्याकाळभर आईच्या खोलीत पडून होती. मी डोकावले तर आईचं कपाट उघडून बसलेली. साड्यांवरून हात फिरवत होती. मी हळूच मागे फिरले. म्हटलं, रडून घेऊ दे.

बुधवार, ९ एप्रिल

दुपार. कारखान्यात मिस्त्री एकटाच आहे. मी घरी आले कारण धाकटी सकाळी म्हणाली, आज कारखान्यात नाही आले तर चालेल का? म्हटलं, चालेल. कालही तिला बिलकूल झोप नव्हती. मी माझ्या गोळ्यांतली आज एक अख्खी दिली.

आता किती गाढ झोपलीय. मोठ्याने घोरतेय, अगदी बाबांसारखं, मध्येच थांबते आणि मग घशात गुरगुर करून पुन्हा सुरू. मला हसूच आलं. हाक मारली तर हूं नाही की चूं नाही. इतक्या दिवसांची झोप साचलेली. अंगावर चादर घातली, पडदा ओढला, फोन बंद करून ठेवला. मास्तर येणार आहेत आज, शाळा लवकर सुटते म्हणे. त्यांना आता सांगूनच टाकावं म्हणते. बघा म्हणावं, तुमच्या गोळीवाचून कशी झोपलीय.

शुक्रवार, १८ एप्रिल

ती वाचली, हे आधी लिहिते.

त्या दुपारी पेन ठेवलं आणि दारावर थाप पडली. मास्तर. हातात संत्र्यांची पिशवी. मी ओठांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, हळू, झोपलीय. ते खोलीच्या दारात उभे राहिले. एकदा घोरण्याचा आवाज आला. दुसरा यायला फार वेळ लागला. त्यांनी पिशवी खाली टाकली.

हाका मारल्या, खांदे हलवले, मुठीची बोटं तिच्या छातीच्या हाडावर जोराने घासली. ती हलली नाही. पडदा ओढून मागे केला तेव्हा मला दिसलं. ओठ जांभळट, नखंही. पापणी उघडली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. मी या खोलीत तिच्याजवळ बसून लिहीत होते आणि मला यातलं काही दिसलं नव्हतं. पडदा मीच ओढला होता.

"ताई, डबी कुठाय?"

मी फ्रिजकडे धावले. मग आठवलं. कारखाना आवाराच्या दुसऱ्या टोकाला. अनवाणी पळाले. खणात रिळांखाली हात घालत होते, रिळं जमिनीवर घरंगळत होती आणि मिस्त्री विचारत होता, काय हवंय?  परत आले तेव्हा मास्तरांनी तिला उताणी करून, मान मागे टेकवून, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यायला घेतला होता. तिची छाती वर यायची, खाली जायची. एक फवारा मारला. पुन्हा श्वास. मला म्हणाले, अँब्युलन्स. मी फोन लावला आणि पलीकडच्या बाईला माझ्या स्वतःच्या घराचा पत्ता सांगता येईना. जन्म गेला या घरात.

काही झालं नाही. त्यांनी घड्याळ बघितलं, थोडे थांबले, श्वास देत राहिले, मग दुसऱ्या नाकपुडीत दुसरा मारला. आणि ती मोठ्याने आत श्वास ओढून खोकली. मास्तरांनी तिला कुशीवर वळवलं. मी तिला धरायला गेले तर म्हणाले, "थोडं मागे व्हा. तिला हवा लागू दे."

अँब्युलन्स येईपर्यंत ते तिच्याजवळून हलले नाहीत. फवाऱ्याचा असर उतरला की पुन्हा झोप येते, श्वास पुन्हा थांबू शकतो, असं अँब्युलन्सवाल्यांना सांगत तेही तिच्याबरोबर गाडीत चढले. गाडीत जागा एकाचीच होती.

मंगळवार, २२ एप्रिल

फुप्फुसात पाणी झाल्यामुळे अजून इस्पितळात आहे. ताप उतरलाय.

आईच्या शेवटच्या आजारातल्या गोळ्या होत्या त्या. मॉर्फिनच्या. कपाटात साड्यांच्या मागे, आईच्या चष्म्याशेजारी. आईच्या वस्तू टाकवत नव्हत्या म्हणून मी काहीच टाकलं नाही, तेही नाही. धाकटीने पूर्वी घ्यायची तेवढ्याच घेतल्या. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बाकावर बसवून सांगितलं की नेमकं तेच घातक ठरलं. पूर्वी अंगाला सवय होती, ते तेवढं पेलायचं. आता गोळी बंद करून सवय मोडलेली, आणि जोर अडवणारी गोळीही अंगात उरलेली नाही. त्यात माझी झोपेची गोळी. दोन्ही मिळून श्वासावर बसतात. असे पेशंट बरेचदा उपचार तुटल्यावरच जातात, त्या म्हणाल्या. नशेत असताना तितके नाहीत.

मी विचारलं, "म्हणजे मी सोडवलंच नसतं तर?"

त्या तरुण आहेत. हातातली फाईल मिटत म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला विचारलं असतंत, तर बरं झालं असतं."

ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

सोमवार, २८ एप्रिल

धाकटीजवळ एकटी बसायला मिळालं. आवाज घोगरा झालाय. तिची गोळी पुन्हा सुरू झाली आहे. नर्सने दिली, ती जिभेखाली धरून बसली आणि विरघळेपर्यंत मी तिच्याकडे बघत बसले. त्या वेळात तिने मला चार वेळा तरी नजरेने दिलासा दिला असेल. मी तिला द्यायला हवा होता.

मग मी विचारलं, अगं, मला सांगायचं तरी, फार दुखतंय म्हणून.

"सांगितलं होतं, ताई."

हो. सांगितलं होतं.

मी म्हटलं, गोळी सोडायची नव्हती तर तेव्हाच नको म्हणायचं होतंस. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुला नको म्हणायला मला कधी जमलंय?" त्यात राग नव्हता. रंग कुठला घ्यायचा हे विचारल्यावर सांगते, त्या आवाजात म्हणाली. मग म्हणाली की आता किती दिवस घ्यायची ते ती, मास्तर आणि डॉक्टर मिळून ठरवतील. कदाचित कायमची.

मी म्हटलं, माझं काही म्हणणं नाही.

"मी विचारलं नाहीये," ती म्हणाली.

रविवार, ४ मे

धाकटी घरी गेली. तिच्या घरी. मी गादी गुंडाळली. आईचं कपाट रिकामं केलं, उरलेल्या गोळ्या केंद्रात नेऊन दिल्या. तिथे परत घेतात. एवढं सोपं होतं.

नाट्यगृहाचं काम बाहेरच्या एका कापणाऱ्याकडून पुरं करून घेतलं. उशीर झाला, बोलणी खाल्ली. खुर्च्या बसवल्यावर मिस्त्री मला बळेच बघायला घेऊन गेला. पुढच्या रांगांवर दिवे पडले की मखमल एकसारखी चमकते, पाण्यासारखी. मागच्या दोन रांगांत तीन-चार खुर्च्या काळपट दिसतात. प्रेक्षकांना कळणार नाही. मी पुढच्या रांगेत बसले आणि काट्याने अंग शहारलेलं असताना तिने ही एकेक खुर्ची बेतली, हे आठवलं. मी त्याला सर्दी म्हणाले होते.

शनिवार, १७ मे

केंद्रात घरच्या माणसांसाठी वर्ग असतो, तिथे गेले. रबराच्या पुतळ्यावर शिकवतात. मान मागे, हनुवटी वर, नाक बंद, सावकाश फुंकर, छाती उठते का बघायचं. माझ्या फुंकरीने छाती उठेना. शिकवणारी म्हणाली, मान अजून मागे घ्या, घाबरू नका, तिला दुखत नाही. शेजारी टाय लावलेले एक गृहस्थ मुलासाठी आले होते. त्यांच्या फुंकरीने ती पहिल्या खेपेला उठली. मी उशिरापर्यंत थांबून जमवलं.

शिकवणारीने विचारलं, तुमच्या घरी कोण आहे? मी म्हटलं, बहीण. मग म्हटलं, घरी नाही, तिच्या घरी आहे.

नवी डबी दिली त्यांनी. ती माझ्या पर्समध्ये असते. माझ्या घरात आता तिची कुणालाच गरज नाही, तरी असते.

बुधवार, ११ जून

मास्तरांचा फोन आला. प्रवेशाचं काम लागलंय, शाळेतून निघता येत नाही. आज धाकटीची केंद्रातली तारीख, ताई, तुम्ही जाल का बरोबर? मी कारखान्याला कुलूप लावून निघालेसुद्धा.

धाकटीचं वजन भरलंय. पाठीसाठी व्यायाम शिकवणारी बाई मिळालीय, दुखणं अर्ध्यावर आलंय म्हणाली. एका शिंपिणीकडे दुपारचं कापायला जाते. मी म्हटलं, माझ्याकडे ये ना. म्हणाली, तिकडे बसून काम करता येतं, ताई. मी बसायला खुर्ची ठेवली असती. कधी सुचलं नव्हतं.

आत नर्सने चौकशी केली, झोप, भूक, मन कसं आहे. धाकटी मोकळेपणाने बोलत होती. एवढं बोलताना मी तिला फार दिवसांत ऐकलं नव्हतं. मग नर्सने विचारलं, काही झालं तर पहिल्यांदा कुणाला कळवायचं? तिने मास्तरांचा नंबर सांगितला.

"आणखी कुणी?"

धाकटीने थोडा विचार केला. तिची पर्स माझ्या मांडीवर होती.

"नको," ती म्हणाली. "तेवढंच पुरे."

नर्सने माझ्याकडे बघितलं नाही, चांगली बाई आहे. आम्ही बाहेर आलो. समोरच्या रस्त्यावर गाड्या भरधाव जात होत्या. ओलांडताना धाकटीने माझा दंड धरला. सवयीने धरला असेल. लहानपणी शाळेत जातानाही धरायची.

पलीकडे पोचल्यावर सोडला.